डॉक्टर, बाळाला लागेल का हो?

खोकणारा कुत्रा दवाखान्याच्या बाकावर नको, म्हणून राजाला गाडीतच बसवा, असं मी फोनवर सांगितलं होतं. काकूंना तेच लागलं. आत येता येताच म्हणाल्या, "एवढं वाईट आहे का?"

राजा सात वर्षांचा लॅब्रॅडॉर. घरचे लग्नाला गेले म्हणून चार दिवस बोर्डिंगला होता; घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला. घशात काही अडकल्यासारखी ढास, शेवटी पांढरा फेस. नाक गळतंय, ताप १०३.६. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०२.५ पर्यंत आम्ही चिंता करत नाही. पण लॅब्रॅडॉरने पोळीकडे पाठ फिरवली की थर्मामीटर लागतच नाही.

गाडीपाशी जाऊन तपासलं. छाती स्वच्छ, हिरड्या गुलाबी. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूरोगाची लस वेळेवर झालेली, गोचीडतापासाठी रक्त घेतलं, तेही ठीक निघालं. उरला फ्लू किंवा केनेल कफ, म्हणजे कुत्री एकत्र राहतात तिथे पसरणारा संसर्गजन्य खोकला. दोन्ही दिसायला सारखेच, नक्की सांगायचं तर पहिल्या काही दिवसांत नाकातला स्वॅब घ्यावा लागतो. घरी करायचं मात्र दोन्हींत तेच, म्हणून फ्लू धरूनच चाला, म्हटलं.

काकूंचं लक्ष नव्हतं. आठ दिवसांनी मुलगी दोन महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी येणार होती. राजाला साताऱ्याला दिरांकडे पाठवायचं ठरूनही गेलं होतं.

"दिरांकडे कुत्री आहेत?"

"दोन. आणि एक मांजर."

म्हणजे लागण जिथे पोचायला नको, नेमकी तिथेच ती गाडीत घालून पाठवायची! कुत्र्यांचे फ्लू मुख्यतः दोन. एच३एन८ घोड्यांकडून आला, २००४ मध्ये फ्लोरिडातल्या शर्यतीच्या ग्रेहाउंडांत सापडला. एच३एन२ पक्ष्यांकडून, आधी आशियात. २०१५ मध्ये शिकागोत त्याची मोठी साथ आली. हा दुसरा मांजरांनाही होतो. माणसाला यांतला एकही झाल्याची नोंद नाही. बाळाला राजाच्या तोंडाजवळ नेऊ नका, हात धुवा. हे तर तो ठणठणीत असतानाही पाळायचंच. पण एच३एन२चा विषाणू कुत्रा बरा दिसायला लागल्यावरही बाहेर पडत राहतो, म्हणून चार आठवडे दुसऱ्या कुत्र्यांपासून लांब. त्याची भांडी, पट्टा कुणाला द्यायचा नाही. शेजारचा म्हातारा पग तर अजिबात जवळ नको. चपट्या नाकाच्यांना हे जड जातं.

काका इतका वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "काल रात्री मी त्याला अर्धी पॅरासिटामॉल दिली." काकूंनी त्यांच्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. पाचशेची अर्धी, तीस किलोचं कुत्रं, निभावलं. मांजर असतं तर तेवढ्याने गेलं असतं. आयबुप्रोफेन असती तर पोटाचं आणि मूत्रपिंडाचं प्रकरण झालं असतं. मी रागावलो नाही. रात्री दोनला खोकणाऱ्या जिवापाशी बसलेला माणूस हाताला येईल ते देतो. पण पुन्हा नाही, एवढं कबूल करून घेतलं.

मग त्यांना एक काम दिलं. राजा गाढ झोपला की छाती किती वेळा वर येते ते मिनिटभर मोजायचं. तिसाच्या वर गेलं, हिरड्या फिकट किंवा निळसर झाल्या, पाणीसुद्धा घेईना, तर वेळ न बघता फोन. न्यूमोनिया असाच सुरू होतो, अँटिबायोटिकची खरी गरज तेव्हाच. विषाणूवर ती चालत नाही. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस, कोमट पाण्यात कालवलेला भात-चिकन, न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ.

काकांनी वही केली. रात्री अकराला २४ श्वास. पहाटे चारला २२. सहाव्या दिवशी आकड्यापुढे लिहिलं होतं, "अर्धी पोळी."

मुलगी बाळाला घेऊन ठरल्या दिवशी आली. राजा मागच्या खोलीत होता. काका त्याला पहाटे साडेपाचला फिरवतात, सोसायटीतली बाकीची कुत्री खाली उतरायच्या आत. अजून अकरा दिवस.