तीन आठवडे चालणारी सायकल रेस लोक बघतात तरी कशी? त्यात एवढं थरारक काय असतं?

एकवीस टप्प्यांतले बरेचसे रटाळच असतात हो. चार तास शेतं, चर्च आणि हेलिकॉप्टरमधून दिसणारे किल्ले. मीही ते टीव्ही चालू ठेवून इतर कामं उरकत बघतो.

पण ही शर्यत रोजच्या विजेत्याची नसते. रोजचा वेळ बेरजेत जातो आणि सगळ्यात कमी बेरीज असलेला जिंकतो. त्यात दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल चालवली की वारा तो खातो आणि आपली ताकद वाचते. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला फुकट ओढत न्यायला कोणीच तयार नसतं. सगळी भांडणं इथून सुरू होतात.

२०२५ ची जिरो द'इटालिया, म्हणजे इटलीतली अशीच तीन आठवड्यांची शर्यत घ्या. विसावा टप्पा, म्हणजे निकालाचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी रोममध्ये जवळपास मिरवणूकच. एकूण वेळेत पहिला असणाऱ्याची गुलाबी जर्सी मेक्सिकोच्या २१ वर्षांच्या इसाक डेल तोरोकडे. इक्वेडोरचा रिचर्ड कारापाझ ४३ सेकंद मागे, ब्रिटनचा सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंद मागे. वाटेत कोल्ले देल्ले फिनेस्त्रे हा घाट: साडेअठरा किलोमीटर, सरासरी नऊ टक्क्यांचा चढ आणि वरचा भाग चक्क कच्चा, खडीचा.

कारापाझने घाटाच्या पायथ्यालाच एकदम वेग वाढवून हल्ला चढवला, डेल तोरो त्याला चिकटला. मागून येट्स आला, एकदा-दोनदा जोर मारला आणि पुढे निसटला. आता पाठलाग कोणी करायचा? जर्सी तुझी, तूच कर, हा कारापाझचा हिशेब. डेल तोरोला वाटत होतं, मी दमलो की हा मला सोडून जाणार. दोघं एकमेकांकडे बघत बसले आणि येट्स लांब लांब जात राहिला. तिकडे येट्सच्या संघाचा वाऊट व्हॅन आर्ट सकाळपासून सगळ्यांच्या पुढे निघालेल्या छोट्या टोळीत होता. घाट उतरल्यावर तो येट्ससाठी थांबला आणि पुढच्या दरीत वारा खात त्याला ओढत नेलं. टप्पा संपतो त्या सेस्त्रिएरेला पोचेपर्यंत फरक पाच मिनिटांवर! जर्सी येट्सची झाली. गंमत म्हणजे संपूर्ण शर्यतीत त्याने एकही टप्पा जिंकला नव्हता.

पूर्वपीठिका माहीत असेल तर हे सगळं अंगावर येतं. २०१८ मध्ये याच येट्सने तेरा दिवस गुलाबी जर्सी घातली होती आणि एकोणिसाव्या टप्प्यात, याच फिनेस्त्रेवर, तो पार कोसळला. त्याचा प्रतिस्पर्धी क्रिस फ्रूम ८० किलोमीटर एकटा पुढे पळाला, येट्सने त्या दिवशी ३८ मिनिटांहून जास्त गमावली. सात वर्षांनी सेस्त्रिएरेला तो रडला, ते उगाच नाही. डेल तोरोसाठी मात्र मला वाईट वाटलं. अकरा दिवस जर्सी सांभाळून पोराने ती हिशेबापायी घालवली. कारापाझला माझ्याकडून शून्य सहानुभूती. तो जिरो आधी जिंकलेला, कसलेला गडी आहे, त्याला कळायला हवं होतं.

मुंबई-पुणे शर्यतीतला 'घाटाचा राजा' तुम्ही ऐकला असेलच. तसा किताब इथेही असतो, निळ्या जर्सीचा, पण त्याची चुरस मला फारशी धरून ठेवत नाही.

सुरुवात करायची तर सगळे टप्पे बघू नका. वेळापत्रकात डोंगराचे टप्पे हेरा आणि शेवटचा दीड तास बघा. आपल्याकडे तो साधारण संध्याकाळी येतो. रोज एकूण वेळेतले पहिले पाच जण आणि त्यांच्यातला फरक मात्र बघून ठेवा.