पहिलं प्रेझेंटेशन करताना

पॉवरपॉइंट उघडल्या उघडल्या रंग आणि ॲनिमेशनच्या मागे लागू नका. आधी लेआउट, म्हणजे स्लाइडवरची मांडणी, समजून घ्या. कंट्रोल धरून एम दाबलं की नवी स्लाइड येते. तिच्यावर आयत्या चौकटी असतात, मजकूर त्यांतच लिहा. वेगळे टेक्स्ट बॉक्स टाकत गेलात, तर नंतर 'व्ह्यू'मधल्या स्लाइड मास्टरवर (सगळ्या स्लाइडच्या मूळ साच्यावर) अक्षरांचा आकार बदलला तरी ते बॉक्स तसेच राहतात, मग एकेक दुरुस्त करत बसावं लागतं.

मराठीत लिहिणार असाल तर युनिकोडच (बहुतेक सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी अक्षरपद्धत) वापरा, हे अगदी कळकळीनं सांगतो. मी एकदा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये २० स्लाइड केल्या. सभागृहातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्टच नव्हता. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं उमटली. तेव्हापासून पेनड्राइव्हवर मूळ फाइलसोबत पीडीएफ ठेवतोच.

बोलायचे मुद्दे स्लाइडखालच्या नोट्समध्ये लिहा. प्रेझेंटर व्ह्यूमध्ये, म्हणजे शो चालू असताना तुमच्या स्क्रीनवरच्या वेगळ्या दृश्यात, ते फक्त तुम्हाला दिसतात. एफ५ दाबलं की शो पहिल्यापासून, शिफ्टसह एफ५ दाबलं की समोरच्या स्लाइडपासून. आणि कुणी मध्येच प्रश्न विचारला तर बी दाबा. पडदा काळा होतो, सगळे तुमच्याकडे बघतात. उत्तर झालं की पुन्हा बी.