कॅरॅव्हॅनचं वेड आणि डिप्लोमाचं दुसरं वर्ष

पत्र : मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंग्लंडमध्ये कारमागे ओढून नेतात त्या कॅरॅव्हॅनचे, म्हणजे चाकांवरच्या घरांचे, व्हिडिओ रात्रंदिवस बघतो आणि याच धंद्यात जायचं म्हणतो. त्याचे बाबा गाड्यांच्या कंपनीत आहेत, त्यांना हे खूळ वाटतं. या धंद्याला पुढे भवितव्य आहे का? – एक आई, चिंचवड

ताई, धंदा खरा आहे, पण लहरी आहे. कोविडच्या काळात लोकांना हॉटेलं नको झाली आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांतून सहा लाख आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्या आणि कॅरॅव्हॅन, बाहेर पडल्या. त्यात ओढायच्याच जास्त. २०२३ मध्ये हाच आकडा तीन लाख तेरा हजारांवर आला. व्याजदर चढले की हौसेच्या वस्तूंवर आधी गदा येते. त्या भरवशावर कर्ज काढून पोराला परदेशी धाडू नका.

आपल्याकडे ओढायची कॅरॅव्हॅन इतक्यात रुजेल असं मला वाटत नाही. वरंध घाटात समोरून एसटी आली तर सात मीटरची पेटी रिव्हर्स कोण घेणार? इथे चालते ती मोटर कॅरॅव्हॅन, म्हणजे ट्रॅव्हलरसारख्या गाडीतच बिछाना, ओटा आणि संडास बसवलेला. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्येच आलं, पण धोरणापाठोपाठ नोकऱ्या येतात असं नाही. अशा गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे मानक मात्र आहे, आणि त्यानुसार गाडी तपासून मंजुरी देणारी एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था तुमच्याच पुण्यात, कोथरूडजवळच्या टेकडीवर आहे.

आता मुलासाठी महत्त्वाचं. परदेशात या धंद्यापुढचा मोठा प्रश्न वजनाचा आहे. दीड टनाची कॅरॅव्हॅन जोडली की इलेक्ट्रिक कारची रेंज जवळपास निम्मी होते. म्हणून एकीकडे कॅरॅव्हॅनलाच बॅटरी आणि मोटर द्यायचे प्रयोग चाललेत. डेथलेफ्स आणि एअरस्ट्रीम या कॅरॅव्हॅन बनवणाऱ्या कंपन्यांनी तशी मॉडेलं दाखवलीत. दुसरीकडे भिंती हलक्या करायची धडपड आहे. भिंत म्हणजे बाहेर फायबरचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मध्ये फोम, आत पातळ प्लाय, सगळं चिकटवून प्रेस केलेलं, म्हणजेच सँडविच पॅनल. खिडकीचा सीलंट एका कोपऱ्यात सुटला की पाणी आत झिरपतं. बाहेरून काही दिसत नाही, आत लाकूड कुजत जातं. जुन्या कॅरॅव्हॅनचा भाव पडतो तो बहुतेकदा या ओलीमुळे.

हलकं पॅनल, टिकाऊ जोड, १२ व्होल्टचं वायरिंग, मंजुरीची कागदपत्रं. हे ज्याला येतं त्याला बस बॉडी, अ‍ॅम्ब्युलन्स, फूड ट्रक, रेल्वेचे डबे, कुठेही काम आहे. कॅरॅव्हॅन चालली तर तिथेही. बाबांचं म्हणणं आणि मुलाचं वेड इथे एकत्र येऊ शकतं, बाबांनी मनावर घेतलं तर.

त्यांच्याच ओळखीने भोसरी किंवा चाकणमध्ये एखाद्या बॉडी बिल्डरकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला महिनाभर उभं करा. फिरायची हौस वेगळी आणि उकाड्यात फायबर घासणं वेगळं. अंगाला खाज सुटली तरी दुसऱ्या दिवशी तो जातो का, बघा. गेला तर तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट सँडविच पॅनलवर घ्यायला सांगा आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीचा प्रवेश. नाही गेला, तरी डिप्लोमा हातात आहेच. प्रोजेक्टचा गाइड आणि विषय ठरायच्या आत हा महिना व्हायला हवा, म्हणून वर्कशॉपची चौकशी आत्ताच सुरू करा.