वाड्यातलं सागवानी सामान: दुरुस्ती करा, पण कर्ज काढून नको

प्रश्न: वाईला आमचा जुना वाडा आहे. मागची बाजू धोकादायक झाल्यामुळे पावसाळ्याआधी उतरवावी लागणार. आतलं सामान पुण्यातल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आणायचं म्हणतो: पणजोबांचा चार खांबांचा कोरीव सागवानी पलंग (१९१० च्या आसपासचा), पितळी कड्यांचा झोपाळा, शिसवी कपाट, लिहायचं मेज आणि वेताची आरामखुर्ची. एका कारागिराने पलंगाचे १,१०,०००, झोपाळ्याचे ४५,०००, कपाटाचे ५०,०००, मेजाचे २०,००० आणि खुर्चीचे १५,००० असं २,४०,००० रुपयांचं अंदाजपत्रक दिलंय. काम झाल्यावर सामानाची किंमत सहा लाख होईल, ही गुंतवणूकच समजा, असं तो म्हणतो. माझं वय ४६. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून महिन्याला ५५,००० जातात, एसआयपी वगळून १२,००० उरतात. एफडी ६ लाखांची, बचत खात्यात ३०,०००. मुलगा अकरावीत. वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी मिळतंय. कर्ज घेऊ की एफडी मोडू? आईचा जीव झोपाळ्यात आहे. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, पलंग मला हवा, नंतर घेऊन जाईन. नाशिकची बहीण अजून काही बोललेली नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले.

उत्तर:

सामान ठेवायचा तुमचा विचार पक्का दिसतो आणि तो मला मनापासून पटतो. असं जुनं सागवान आणि शिसव आज बाजारात विकत घ्यायला गेलात तर मिळणं कठीण, मिळालं तरी परवडणं कठीण. मात्र कर्ज घेऊ नका आणि एफडीलाही हात लावू नका.

आधी ‘गुंतवणूक’ हा शब्द बाजूला ठेवू. सहा लाख ही दुकानात मागितली जाणारी किंमत असेल. तुम्ही विकायला गेलात की व्यापारी त्यातून स्वतःचा नफा, गोदामाचं भाडं, वाहतूक आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंतची वाट हे सगळं वजा करून भाव सांगतो. मुंबईत ओशिवऱ्याला किंवा चोर बाजारात हेच कपाट ‘विकायचंय’ म्हणून विचारा आणि मग ‘घ्यायचंय’ म्हणून विचारा, फरक कळेल. त्या कारागिरालाही सरळ विचारा, काम झाल्यावर सहा लाखांना तुम्ही घ्याल का, तसं लिहून द्याल का? शिवाय तुम्ही हे विकणारच नाही आहात. जे विकायचं नाही त्याच्या वाढलेल्या किमतीवर कर्ज काढणं म्हणजे दुसऱ्याच्या अंदाजावर आपला हप्ता बांधणं. २,४०,००० चं कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर महिन्याला सुमारे ८,२०० रुपये जातील आणि व्याजच ५५,००० च्या वर होईल. एवढ्यात तुमचं अख्खं कपाट दुरुस्त होतं.

एफडीचं गणित याहून सोपं आहे. सहा महिन्यांचा खर्च म्हणजे ३,३०,००० रुपये अडीअडचणीसाठी राखीव. उरलेले २,७०,००० मुलाच्या पहिल्या वर्षाची फी आणि प्रवेशाची धावपळ यासाठी. हा खर्च दोन वर्षांच्या आत दारात उभा राहणार आहे आणि तो पुढे ढकलता येत नाही. पलंग ढकलता येतो.

आणि ढकलणं लाकडाच्याही हिताचं आहे. वाड्याच्या ओलसर खोलीत कित्येक वर्षं राहिलेलं लाकूड फ्लॅटच्या कोरड्या हवेत आलं की आकसतं. आज घट्ट वाटणारे सांधे चार-सहा महिन्यांत ढिले होतात. आल्या आल्या सरस लावून, पॉलिश मारून मोकळे झालात तर तेच काम पुन्हा काढावं लागेल. पावसाळ्यात लाखेचं पॉलिश करूही नये, हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढुरकी झाक येते.

या महिन्यात फक्त कीड बघा. प्रत्येक वस्तू उलटी करून पायांच्या बुडाशी टॉर्च मारा. पिठासारखा बारीक भुसा पडत असेल आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसत असतील तर आत भुंगेरा जिवंत आहे. मातीच्या बारीक नळ्या असतील तर वाळवी. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही, कडेचं फिकट लाकूड मात्र खाते, आणि जुन्या कपाटांच्या पाठीला बहुधा तसलंच हलकं लाकूड लावलेलं असतं. कीड मारण्याचं काम वाईतच उरका, नाहीतर ती तुमच्या प्लायवूडच्या स्वयंपाकघरात शिरेल. हा खर्च, टेम्पो आणि हमाली बचत खात्यातल्या ३०,००० मधून भागवा. पलंगाचे भाग सुटे करताना सुताराला हातोडा घालू देऊ नका. असे पलंग बहुधा कूस (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) आणि खुंट्यांवर उभे असतात. खुंटी काढली की सुटतात. प्रत्येक भागावर खडूने खूण करा.

मग जून ते ऑक्टोबर महिन्याला उरणारे १२,००० वेगळे ठेवा. दिवाळीपर्यंत ६०,००० होतात. त्यात झोपाळा आणि आरामखुर्ची दोन्ही बसतात. झोपाळा पहिला, कारण आईला तो आज हवा आहे, आणि माझ्या लेखी सबंध अंदाजपत्रकात याहून मोठं कारण नाही. फक्त ४५,००० मध्ये टांगायची सोय धरलेली दिसत नाही. स्लॅबला कडी ठोकण्याआधी इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्याने नाही म्हटलं तर लोखंडी चौकट करावी लागेल, आणि तो खर्च वेगळा. तसं झालं तर खुर्ची दोन महिने मागे जाईल, जाऊ द्या.

कपाट त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत. मुलाच्या खोलीत नाहीतरी नवं कपाट घ्यावं लागणार असेल तर त्याचे वाचणारे पैसे इकडे वळवा. मेज मुलाला अभ्यासाला हवंय का, हे त्यालाच विचारा. नको असेल तर साफ करून, मेण लावून तसंच ठेवा.

पलंगाची गोष्ट वेगळी. आधी टेप घेऊन खोली मोजा. चार खांबांचा पलंग दहा बाय अकराच्या खोलीत बसला तरी कपाटाचं दार उघडेल का? बाजारातली तयार गादी बहुधा बसणार नाही, ती मापाने शिवून घ्यावी लागेल. त्याहून मोठा प्रश्न मालकीचा. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार त्यांच्या वाट्याच्या वस्तूंवर आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण या सगळ्यांचा सारखा हक्क आहे. बहीण गप्प आहे म्हणजे तिला काही नको आहे असं धरून चालू नका, तिला फोन करा. पाचही वस्तूंचे फोटो काढून कुणाला काय आणि दुरुस्तीचे पैसे कोण देणार हे एका कागदावर लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. पलंग भावाचा ठरला तर १,१०,००० त्याने द्यावेत. हे आता बोलायला जड जाईल, पण पैसे घातल्यावर बोलणं याहून जड जातं.

भावाला आणखी एक गोष्ट सांगा. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पलंग १९१० चा असेल तर जहाजाचं बुकिंग करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावशेष नाही असं प्रमाणपत्र मिळतं का, ते बघावं लागेल. नाही मिळालं तर पलंग इथेच राहील, म्हणून भावाने हे आधीच समजून हो-नाही सांगावं.

आता अंदाजपत्रक परत करा आणि तीन आकडे वेगळे मागा: सांधे आणि तुटफूट, कीड, पॉलिश. पहिल्या दोन कामांत काटकसर नको. तिसऱ्यात यंत्राने घासून पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा थर देणारं) पॉलिश असं लिहिलं असेल तर स्पष्ट नाही म्हणा. यंत्राने कोरीवकामाच्या कडा बोथट होतात आणि शंभर वर्षांत चढलेला रंग तासाभरात जातो, तो पुन्हा आणता येत नाही. स्पिरिटने जुना मळ काढून चपडा लाखेचा हात देणारा कारागीर शोधा. त्याला वेळ लागतो, पण असं पॉलिश पुढे नुसता हात देऊन ताजं करता येतं. एकच अट पाळा, गरम चहाचा कप थेट त्यावर ठेवायचा नाही, पांढरं वर्तुळ उमटतं.

घराचा विमा असेल तर त्यात सामान धरलंय का तेही बघा. भारत गृह रक्षा पॉलिसीत इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख, घरातलं सामान आपोआप येतं. कीड आणि झीज मात्र त्यात येत नाही. मौल्यवान वस्तू वेगळ्या नोंदवाव्या लागतात, त्यासाठी ते फोटो आणि कारागिराची पक्की पावती जपून ठेवा.