तूप सगळ्यांना हवंय, पण पैसे डाळीत आहेत

सुदामा नगरच्या एका ताईंचा लांबलचक मेसेज आलाय, थोडक्यात सांगतो. सांवेरकडे सासरची 12 बिघे जमीन, दीर-जाऊ कसतात. चार वर्षांपासून पिकाची उरलेली काडी जाळणं बंद, नांगरट कमी, सोयाबीनच्या जोडीला तूर, मूग, ज्वारी, एक बिघा भुईमूग, थोडा भाजीपाला, तीन माळवी गाई आणि तीसेक देशी कोंबड्या. ताई इंदूरला बसून व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेतात, 38 घरं आहेत, बहुतेक आपलीच मराठी मंडळी. आता मिस्टरांनी नोकरी सोडलीये आणि 9 लाखाच्या एफडीतले साडेसहा काढून लाकडी घाणा, चक्की, शेड आणि सेकंडहँड गाडी घ्यायची म्हणतात. शिवाय प्रत्येक घराकडून वर्षाचे 12 हजार आधीच घ्यायचे. दोन वर्षांनी मुलीच्या एमबीएची फी याच एफडीतून जायचीये. करू का?

ताई, सरळच सांगतो, एफडी मोडू नका. पण धंदा बंद करा असंही मी म्हणत नाहीये, उलट तुमच्या यादीत एक-दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांच्याकडे तुमचं लक्षच नाहीये.

आधी तूप. तुम्हीच लिहिलंय की सगळ्यात जास्त मागणी तुपाला, 1400 रुपये किलो, लोक कौतुक करतात. आता दही लावून, घुसळून, लोणी कढवून एक किलो तूप काढायला देशी गाईचं 25 ते 30 लिटर दूध लागतं. आपण 28 धरू. गावात दूध 55 ने जातं असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे नुसतं दूधच 1540 चं झालं! ताक उरतं, ते घरात आणि शेजारी जातं, त्याचे काही तुम्ही घेत नाही. गोवऱ्या, बरणी आणि जाऊबाईंचं पहाटे चारला उठून घुसळणं तर मी धरलंच नाही. माझी आई अजून घरच्या सायीचं लोणी काढते, एवढ्याशा पातेल्याला तिची अख्खी सकाळ जाते, म्हणून हे मला दिसतं. हिशोबाच्या वहीत जाऊबाईंची मजुरी कुठेच नाही, म्हणून तुम्हाला महिन्याला 25 हजार नफा दिसतोय. त्यातला बराचसा त्यांच्या हातांचा आहे.

दुसरं, आणि हे मला जास्त खटकलं. दोन गाई दुभत्या, मिळून रोजचं 8 लिटर. महिन्याचं झालं 240. घरात चहालासुद्धा थेंब ठेवला नाही तरी साडेआठ किलोच्या वर तूप निघत नाही, आणि यादीत आहे 14 किलो. बाकीचं "ओळखीतल्या एकांकडून" घेता असं तुम्हीच खाली लिहिलंय. चांगलंच असेल ते, पण 38 घरं तुम्हाला पैसे देतात ते "आमच्या शेतातलं" या दोन शब्दांचे देतात. एकदा कुणाच्या बरणीत वेगळा वास आला की तूपच नाही, डाळ, पीठ, अंडी सगळ्यावरचा विश्वास जातो. तेव्हा तूप 6 किलोच ठेवा, भाव 1800 करा, नंबर लावा. नाही परवडलं कुणाला तर राहू दे.

आता डाळ बघा. 8 क्विंटल तूर झाली, मंडीत 7000 मिळाले असते म्हणता, म्हणजे 56 हजार. तीच तूर भरडली, 70 टक्के धरा, की 560 किलो बिनपॉलिशची डाळ, 160 ने विकली तर 89,600. भरडाई, पॅकिंग, ने-आण मिळून 10 हजार जाऊ द्या, तरी 23 हजार वर सुटतात, चुनी गाईंना जाते ती वेगळी, आणि यात कुणाला पहाटे उठावं लागत नाही. त्यासाठी स्वतःची मशीनही नको, इंदूर म्हणजे डाळ मिलचं गाव, फक्त तुमचा माल वेगळा ठेवून भरडून देणारा छोटा मिलवाला शोधा आणि त्या दिवशी कुणीतरी तिथे उभं राहा. पुढच्या खरीपात सोयाबीनचे दोन बिघे कमी करून तूर वाढवता येते का ते दीरांना विचारा, जमिनीलाही ते बरंच, तूर मुळांतून नत्र देते आणि तिचा पालाही खाली पडतो.

घाण्याचं तर मला हसूच आलं, रागावू नका. एका बिघ्यात 4 क्विंटल शेंगा, फोडून 280 किलो दाणे. लाकडी घाण्यात एका वेळी 12-15 किलो टाकतात, पाऊण-एक तास लागतो. म्हणजे तुमचा सगळा भुईमूग तीन-चार दिवसांत संपला, आणि 1 लाख 90 हजाराचा घाणा उरलेलं वर्ष शेडमध्ये उभा. मग तो चालवायला तुम्ही बाहेरचे दाणे आणणार, म्हणजे पुन्हा तुपाचीच गोष्ट. तेलही बाहेरून काढून घ्या. गाडी तर अजिबात नको, 38 घरांना आठवड्यातून एक फेरी लागते, भाड्याची परवडते.

खरंच पुढे कधी मशीन घ्यावीशी वाटली तर पीएमएफएमई म्हणून छोट्या खाद्यप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना 2020 मध्ये आली, त्यात खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख सबसिडी, पण ती बँक लोनला जोडलेली असते, आपले किमान 10 टक्के घालावे लागतात. म्हणजे रोख देऊन आधी मशीन आणली तर गेलं. नवीन अर्ज घेतायत का ते उद्यानिकी विभागात विचारा, मगच दुकानात जा.

वर्षाचे 12 हजार अ‍ॅडव्हान्स, म्हणजे साडेचार लाखाच्या वर. ताई, ते उत्पन्न नाही, उधारी आहे. जपानमध्ये 1970 च्या दशकापासून तेइकेई नावाने असं चालतं, पण तिथे घेणारा शेताचा चढउतार शेतकऱ्याबरोबर झेलतो. आपल्याकडे फेब्रुवारीत गारपीट झाली आणि गहू आडवा झाला तर किती काकू म्हणतील की असू दे हो? एक महिन्याचे घ्या, फार तर तीन, आणि जे पिकेल तेच मिळेल हे आधीच लिहून टाका.

टॅक्सचं एक लक्षात ठेवा, गहू, तूर, भाजी विकून आलेलं ते शेतीचं उत्पन्न, पण दूध, तूप, अंडी आणि बाहेरून आणून विकलेला माल शेतीत येत नाही, म्हणून आजपासून दोन वह्या. आणि जमिनीची पावती, म्हणजे मालकीचं पुस्तक, अजून सासऱ्यांच्या नावावर आहे ना? मग पैसे तुमचे, जमीन त्यांची, मेहनत दीर-जावेची आणि कागद एकही नाही. गोड संबंध आहेत तोवरच बसून लिहून काढा कुणाला किती, जाऊबाईंना दर महिन्याला त्यांच्या स्वतःच्या खात्यात ठराविक रक्कम, तिथून सुरुवात करा.

भरडाई आणि पॅकिंगला हाताशी पैसे लागतील, तर एफडी न मोडता तिच्यावर एक लाखाची ओडी, म्हणजे एफडी तारण ठेवून मिळणारी उचल (ओव्हरड्राफ्ट), काढा. एफडीच्या रेटपेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतं, जेवढे वापराल तेवढ्याचंच व्याज, आणि फीचे पैसे जागेवर राहतात. मिस्टरांची पुढची नोकरी लागेपर्यंत घरखर्च कशातून चालणार ते मात्र तुम्ही लिहिलंच नाहीये. ते आणि एफडीची मॅच्युरिटीची तारीख कळवा, मग ओडी किती काढायची ते बघू.