गावाच्या मैदानासाठी निधी मागण्यापूर्वी

प्रश्न : आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेला लागून सुमारे तीन एकर मोकळी जागा आहे. मुले तेथे पूर्वीपासून खेळत आली आहेत. परंतु सातबाऱ्यावर ती शासनाच्या नावे गायरान म्हणून लागलेली आहे. काळ्या मातीमुळे पावसाळ्यात तेथे पाऊल ठेवता येत नाही. आमदार निधीतून ४०० मीटरची धावपट्टी आणि प्रेक्षक गॅलरी करून घ्यावी, असा तरुण मंडळाचा आग्रह आहे. अर्ज कोणत्या योजनेत करावा?
— एक ग्रामपंचायत सदस्य, निफाड तालुका

उत्तर : योजना निवडण्याआधी जागेचा प्रश्न सोडवावा लागेल. आमदार निधी असो, खासदार निधी असो वा जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत मिळणारे क्रीडांगण विकास अनुदान असो, प्रस्तावाबरोबर जागेचा सातबारा मागितला जातोच, आणि वर्षानुवर्षांची वहिवाट त्या कागदाची जागा घेऊ शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार शासकीय जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी राखून ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. मात्र गायरानाच्या बाबतीत अधिक जपून पावले टाकावीत, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणांविरुद्ध कठोर भूमिका घेतली आणि तेव्हापासून अशा जमिनींचा वापर बदलण्याकडे प्रशासन काटेकोरपणे पाहते. म्हणून गावाच्या शिवारात गायरान नसलेली दुसरी शासकीय जागा आहे का, हे तलाठ्यांकडून आधी पाहून घ्यावे. तशी जागा नसेल, तर ग्रामसभेचा ठराव करून तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर मागणी करावी आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम कराव्यात. आदेश हाती येईपर्यंत पक्क्या बांधकामावर एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आराखड्याविषयी. ४०० मीटरच्या प्रमाणित धावपट्टीला साधारण १७६ मीटर लांब आणि ९२ मीटर रुंद, म्हणजे सुमारे चार एकर सपाट जागा लागते. ती आपल्या तीन एकरांत बसणार नाही. २०० मीटरची धावपट्टी मात्र नीट बसेल आणि तिच्या आत खो-खोचे २७ × १६ मीटरचे व कबड्डीचे १३ × १० मीटरचे मैदान आखता येईल. गॅलरीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट केलेले कोणतेही काम टिकत नाही. वरचा थर काढून मुरूम भरणे, तो थराथराने पाणी मारून रोलरने दाबणे, पृष्ठभागाला हलका उतार देणे आणि कडेने चर काढून पाणी ओढ्याकडे नेणे, एवढ्यावर पहिला निधी पूर्ण खर्च झाला तरी तो सत्कारणी लागला असे समजावे. उद्घाटनाच्या छायाचित्रात हे काम उठून दिसत नाही, म्हणूनच ते बहुतेक ठिकाणी मागे पडते, याचे मला फार वाईट वाटते.

पैशाच्या बाबतीत हे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात टप्प्याटप्प्याने घ्यावे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या कालावधीत ग्रामीण संस्थांच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम स्वच्छता व पाणीपुरवठ्यासाठी बांधून ठेवली आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेनुसार खर्च करता येईल अशी ठेवली; पुढील वर्षांचे प्रमाण ग्रामसेवकांकडून तपासून घ्यावे. लहान ग्रामपंचायतीच्या अबंधित रकमेत सपाटीकरण भागेल, कुंपणही भागेलच असे नाही. कुंपणासाठी आमदार निधीचा प्रस्ताव द्यावा, तर खेळसाहित्य आणि प्रशिक्षकाचे मानधन परिसरातील कारखान्यांकडे मागावे, कारण कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक उत्तरदायित्वाचा (सीएसआर) निधी कोणत्या कामांवर खर्च करावा याच्या यादीत, ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. एकच काम दोन निधींतून दाखवले जाणार नाही, याची काळजी अंदाजपत्रक करतानाच घ्यावी.

देखभालीची तरतूदही त्याच ठरावात असावी. सामुदायिक मालमत्तांचे जतन हा राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतील, म्हणजे पंचायतींकडे सोपवायच्या विषयांच्या यादीतील, एकोणतिसावा विषय आहे. लग्नाच्या मांडवासाठी खणलेले खड्डे दाबलेल्या मैदानाची वर्षभराची मेहनत वाया घालवतात. त्यामुळे समारंभाला जागा द्यायची झाल्यास अनामत घ्यावी आणि खेळाच्या भागात खांब रोवण्यास मनाई करावी.

प्रश्न : आमच्या मैदानाला नुकतीच उंच भिंत घातली, तरी सातवीनंतर मुली तेथे येत नाहीत. काय करावे?
— एक शिक्षिका, पाथर्डी तालुका

उत्तर : उंच भिंतीमुळे आत काय चालले आहे हे रस्त्यावरून दिसत नाही आणि पालकांना नेमकी त्याचीच धास्ती वाटते. शक्य असेल तेथे दर्शनी बाजूची भिंत उतरवून जाळीचे कुंपण घालावे. त्याहून तातडीची गरज पाणी असलेल्या, आतून कडी लागणाऱ्या स्वच्छतागृहाची आहे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखीव असते आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणे कायद्याने आवश्यक आहे. येत्या महिला सभेत मुलींसाठी सायंकाळची राखीव वेळ, दिव्यांची सोय आणि महिलांच्या कबड्डीच्या १२ × ८ मीटरच्या मैदानाची आखणी असे तिन्ही विषय लेखी मांडावेत. ठराव झाल्यावर ती वेळ मैदानाच्या फलकावर रंगवून घ्यावी आणि पहिले काही महिने त्या वेळेत एखाद्या शिक्षिकेने किंवा माजी महिला खेळाडूने तेथे हजर राहण्याची व्यवस्था करावी.