आहे तेवढंही गेलं तर?

मानेच्या मणक्याला मार लागून हातपाय लुळे पडलेल्या माणसाला हाताच्या ऑपरेशनबद्दल सुचवलं, की बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच येतो. संदीपनेही (नाव बदललं आहे) तोच विचारला. वय सव्वीस, गाव रत्नागिरीकडचं. आंबे काढताना कलमावरून पडला, त्याला दोन वर्षं झाली. दुखापत सी-सिक्स पातळीची, म्हणजे मानेतल्या मज्जारज्जूच्या सहाव्या पातळीवरची. यात खांदा चालतो, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं. पण कोपर ताठ करता येत नाही आणि बोटं स्वतःहून हलत नाहीत. मनगट उचललं की बोटं आपसूक थोडी मिटतात. तेवढ्या पकडीवर तो मोबाईल सांभाळायचा.

सर्जननी सुचवलं होतं ते टेंडन ट्रान्सफर. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. कोपर वाकवायला मदत करणारा एक स्नायू सोडवून अंगठ्याच्या टेंडनला जोडायचा, म्हणजे अंगठा तर्जनीवर दाबता येतो. "मग माझं कोपर?" संदीपची शंका रास्त होती. ते काम करणारे आणखी दोन जोरकस स्नायू जागेवरच राहतात. ज्याच्यावाचून अडेल असा स्नायू उचलायचा नाही, हाच तर यातला नियम. जोडलेलं टेंडन सैल पडू शकतं, चिकटू शकतं, हेही मी सांगितलं. आईला हा नवा प्रयोग वाटत होता. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या हातांवर १९४०च्या दशकाअखेरीपासून अशी ऑपरेशनं करत होते आणि मणक्याच्या पेशंटसाठी स्वीडनच्या एरिक मोबर्ग यांनी १९७५ साली पद्धत मांडली, हे ऐकून त्या जरा सैलावल्या.

संदीप मात्र गप्पच. पुढच्या भेटीत म्हणाला, "मॅडम, समजा जोडलं, आणि उद्या बोटं आपली आपण हलायला लागली तर?"

खरी अडचण ही होती. ऑपरेशनला होकार देणं म्हणजे आता आपोआप काही परत येणार नाही, यावर सही करणं. भीती बोलून दाखवता येते, आशा बोलायला लाज वाटते. अशा वेळी घाई करू नये, असं माझं मत. टेंडनचं ऑपरेशन काही वर्षांनीही होतं. (नर्व्ह ट्रान्सफर, म्हणजे चालू नस बंद पडलेल्या स्नायूकडे वळवणं, त्याचं तसं नाही, तिथे काही स्नायूंसाठी पहिल्या वर्षातच निर्णय घ्यावा लागतो. ही गोष्ट कुटुंबांपर्यंत फार उशिरा पोचते.)

आईला त्याने चालावं असं वाटत होतं. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, चारही हातपाय लुळे पडलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी पहिली पसंती हात परत मिळण्याला दिली होती. चालणं बरंच मागे होतं. संदीपला मी एकट्याला विचारलं, हात आला तर पहिलं काय करशील? बराच वेळ गेला. "लघवीची नळी, कॅथेटर, स्वतः घालीन. आई घालते. सव्वीस वर्षांचा आहे मी." सर्जनच्या यादीत जेवण आणि पेन होतं.

ऑपरेशन आणि नियमित सरावानंतर काहींना कॅथेटर स्वतः घालणं जमतं, सगळ्यांना नाही. फिजिओथेरपिस्टकडून त्याच्या बाबतीत नीट तपासून घेतलं. मग असं ऑपरेशन झालेल्या एका गृहस्थांशी व्हिडिओ कॉल लावून दिला. ते म्हणाले, "पहिला महिना डॉक्टरांना शिव्या घालशील." खोटं नव्हतं. काही आठवडे प्लास्टर, आणि साधारण तीन महिने त्या हातावर भार द्यायचा नाही. व्हीलचेअर ढकलायची नाही, खाटेवर सरकायलाही माणूस लागतो. त्या काळात आईवरचं ओझं वाढणार होतं आणि त्यांची कंबर आधीच गेलेली. त्यामुळे थोरल्या भावाला बोलावून, रात्री कूस कोण बदलणार इथपासून वाटणी केली.

लावणी उरकल्यावर, भाऊ मोकळा झाला की उजवा हात करायचा, असं ठरलं. कोपर ताठ करण्याचं दुसरं ऑपरेशनही सर्जननी सुचवलं आहे. त्याला संदीप सध्या नाही म्हणतो, आणि आईनेही तो विषय काढलेला नाही.